ऑल-ग्रेन आयपीए: हॉप्सच्या आधी पाणी, तापमान आणि हवा

आयपीएला, म्हणजे इंडिया पेल एल या कडवट, हॉप्सच्या वासाच्या बिअरला, वास कमी आला की बहुतेकांचा हात आधी हॉप्सच्या (बिअरला कडवटपणा आणि वास देणाऱ्या फुलांच्या) पुडीकडे जातो. पुढच्या वेळी आणखी ५० ग्रॅम घालू, म्हणजे झालं. पण घरच्या आयपीएत हॉप्स क्वचितच कमी पडतात. मॅशचं, म्हणजे भरडलेले दाणे गरम पाण्यात भिजवण्याचं, तापमान दोन-तीन अंशांनी चुकलेलं असतं, पाण्यात सल्फेट नसतं, नाहीतर बाटल्या भरताना बिअरमध्ये हवा शिरलेली असते. यातली हवा सगळ्यात घातक, कारण तिचा परिणाम दोन आठवड्यांनी दिसतो आणि तोवर आपण दुसऱ्याच कशाला तरी दोष देऊन मोकळे झालेलो असतो.

खालची सगळी मापं फर्मेंटरमध्ये (आंबवायच्या भांड्यात) २० लिटर वर्ट (दाण्यांतून निघालेलं गोड पाणी) उतरेल अशा हिशेबाने दिली आहेत. सुरुवातीची ग्रॅव्हिटी (पाण्याच्या तुलनेत घनता, त्यावरून साखर कळते) १.०६०, शेवटची १.०१२ च्या आसपास, कडवटपणा ५० आयबीयू (कडवटपणाचं एकक), अल्कोहोल सुमारे ६.३ टक्के. घरी बिअर करण्याचे नियम जागोजागी वेगळे आहेत, ते आधी पाहून घ्या.

ऑल-ग्रेन म्हणजे सगळी साखर माल्टच्या, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या जवाच्या, दाण्यांतूनच काढायची. माल्ट एकूण ५.८ किलो: पेल एल माल्ट ५.२ किलो, म्युनिक ४०० ग्रॅम, मध्यम रंगाचं क्रिस्टल २०० ग्रॅम. क्रिस्टल यापुढे वाढवू नका. त्याची टॉफीसारखी गोडी हॉप्सच्या फळांच्या वासावर बसते, आणि बिअर जुनी होऊ लागली की तीच गोडी मनुकांकडे झुकते. अनेक जुन्या कृतींमध्ये अर्धा किलो क्रिस्टल दिसतं. ती बिअर वाईट नसते, पण आज आयपीए म्हणून आपण जे शोधतो ते तिच्यात सापडत नाही.

दाणे भरडायचे, दळायचे नाहीत. गिरणीच्या रुळांमधलं अंतर १ ते १.१ मिलिमीटर ठेवलं तर दाण्याचे तीन-चार तुकडे होतात आणि टरफल बऱ्यापैकी अख्खं राहतं. पुढे वर्ट गाळून निघतं ते या टरफलांच्या थरातूनच. पिठूळ भरड झाली तर साखर थोडी जास्त मिळेल, पण तोटीतून धार येणार नाही. जाळीची पिशवी वापरून मॅश करणाऱ्यांना मात्र ०.७ ते ०.८ मिलिमीटरची बारीक भरड चालते, कारण त्यांचं गाळणं टरफलांवर अवलंबून नसतं.

पाणी एकूण ३३ लिटर लागेल. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनची किंवा क्लोरामाइनची माल्टमधल्या फिनॉलशी गाठ पडली की क्लोरोफिनॉल तयार होतं आणि बिअरला दवाखान्यातल्या मलमपट्टीचा वास लागतो. हा वास एकदा लागला की जात नाही. क्लोरीन उकळून उडतं, क्लोरामाइन तसं सहजी उडत नाही. म्हणून उकळण्याच्या भरवशावर न राहता सगळ्या पाण्यात पाव ग्रॅम पोटॅशियम मेटाबायसल्फाइट, म्हणजे कॅम्पडेनची अर्धी गोळी, कुस्करून ढवळा आणि पाच मिनिटं थांबा.

आरओचं पाणी असेल तर हिशेब सोपा होतो. ३३ लिटरला ८ ग्रॅम जिप्सम (कॅल्शियम सल्फेट) आणि ३ ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड. त्यातून लिटरमागे साधारण ८० मिलिग्रॅम कॅल्शियम, १३५ मिलिग्रॅम सल्फेट आणि ४४ मिलिग्रॅम क्लोराइड मिळतं. सल्फेट क्लोराइडच्या तिप्पट असलं की कडवटपणा कोरडा, नेमका लागतो आणि घोट संपल्यावर जिभेवर रेंगाळत नाही. प्रमाण उलटं केलं तर तीच बिअर गुळगुळीत आणि भरीव वाटते. इंग्लंडमधल्या बर्टन-अपॉन-ट्रेंटच्या विहिरींच्या पाण्यात जिप्सम मुळातच भरपूर होतं. भारतात जाणाऱ्या पेल एलचा बाजार आधी लंडनच्या बो ब्रुअरीच्या हातात होता. १९व्या शतकात तो बर्टनवाल्यांनी घेतला, त्यात या पाण्याचा वाटा मोठा होता. नळाचं पाणी जड असेल तर क्षार डोळे झाकून घालू नका. आधी पाण्याची तपासणी पाहा, किंवा अर्धं आरओ मिसळा.

आता मॅश. किलोमागे ३ लिटर धरले तर १७.४ लिटर पाण्याचं आधण लागेल. भरड खोलीच्या तापमानाला, म्हणजे २५ अंशांवर असेल आणि मॅश ६६ अंशांवर बसवायचा असेल तर पाणी साधारण ७२ अंशांचं हवं. सूत्र असं: ०.४१ ला किलोमागच्या लिटरांनी भागा, हव्या तापमानातून भरडीचं तापमान वजा करून आलेल्या आकड्याने गुणा, आणि त्यात हवं ते तापमान मिळवा. मॅशचं भांडं गार असेल तर ते स्वतःही अंश-दीड अंश खातं. म्हणून त्यात आधी उकळतं पाणी ओतून, पाच मिनिटांनी काढून टाका, किंवा आधण ७३ वर घ्या.

६६ अंशच का? माल्टमधलं बीटा-अमायलेज ६० ते ६५ अंशांत जोमात असतं आणि यीस्टला पचणारी माल्टोज साखर तोडून देतं. अल्फा-अमायलेजला ६७ ते ७२ अंश मानवतात, आणि ते लांब, यीस्टला न पचणाऱ्या साखळ्याही मागे ठेवतं. ६९ अंशांवर मॅश केला तर बिअर १.०१८ च्या आसपास अडते आणि सिरपासारखी लागते. अशा गोड अंगावर हॉप्सचा कडवटपणा लपतो, मग माणूस पुन्हा पुडीकडे वळतो. ६३-६४ वर केला तर बिअर फारच कोरडी होते. अंश-दीड अंश खाली आलेलं आयपीएत मी खपवून घेईन, वर गेलेलं नाही.

भरड थोडी थोडी घालत ढवळा. कोरड्या गुठळ्या राहिल्या तर त्यांच्यातला स्टार्च तसाच वाया जातो. ढवळून झाल्यावर तीन ठिकाणी तापमान घ्या, कारण कडेला आणि मध्यभागी तीन अंशांचाही फरक असू शकतो. मॅश ६३ वर उतरला असेल तर सुमारे पावणेदोन लिटर उकळतं पाणी घातल्यावर तो ६६ वर येतो, आणि तेवढं पाणी पुढे दाणे धुण्याच्या पाण्यातून कमी करायचं. तापमान वर गेलं असेल तर मूठ-मूठ बर्फ घालून ढवळा, पण घाई करा, एन्झाइम आपल्यासाठी थांबत नाहीत. थर्मामीटरवर डोळे झाकून विश्वास टाकण्याआधी तो बर्फाच्या पाण्यात ० दाखवतो का ते पाहा. उकळत्या पाण्यात १०० दाखवेलच असं नाही, कारण दर ३०० मीटर उंचीमागे उकळबिंदू साधारण एक अंशाने खाली येतो.

दहा-पंधरा मिनिटांनी चमचाभर मॅश बाहेर काढून गार करा आणि पीएच मोजा. ५.२ ते ५.५ मध्ये हवा. वर असेल तर ८८ टक्क्यांचं लॅक्टिक अ‍ॅसिड एकेक मिलिलिटर घालत, दर वेळी ढवळून आणि मोजून खाली आणा. एकदम पाच मिलिलिटर ओतलं तर परतीची वाट अवघड. तासाभराने बशीत थेंबभर मॅशचं पाणी घेऊन त्यावर आयोडीन टाका. निळा-काळा रंग आला तर स्टार्च शिल्लक आहे, आणखी पंधरा मिनिटं द्या. टरफल त्या थेंबात येऊ देऊ नका, ते नेहमीच काळं पडतं आणि उगाच घाबरवतं. बशीतला थेंब अर्थातच फेकून द्यायचा.

गाळताना पहिलं गढूळ वर्ट तीन-चार लिटर तांब्यात धरा आणि हळूच परत वर ओता. टरफलांचा थर बसला की धार निवळ होते. तोटी अर्धवटच उघडा. एकदम पूर्ण उघडली तर चोथा ओढला जाऊन खाली घट्ट बसतो आणि धार बंद पडते. तसं झालंच तर तोटी बंद करा, दोन लिटर गरम पाणी घाला, सगळा चोथा तळापासून मोकळा करा, दहा मिनिटं बसू द्या आणि पुन्हा पहिल्यापासून गढूळ धार वर ओता. फुंकर मारून, तार घालून काही होत नाही. भरड बारीक झाल्याचं आधीच लक्षात आलं असेल तर मॅशमध्येच दोन मुठी धुतलेला भाताचा तूस मिसळा. त्याला चव नसते आणि थर पोकळ राहतो.

दाणे किलोमागे साधारण एक लिटर पाणी धरून ठेवतात, म्हणजे पहिल्या धारेतून ११ ते १२ लिटर मिळेल. मग ७५-७६ अंशांचं १५.६ लिटर पाणी दोन हप्त्यांत घालून, ढवळून, दहा मिनिटं बसवून काढा. पाणी ७८ च्या वर गेलं किंवा शेवटच्या धारेचा पीएच ६ ओलांडून गेला तर टरफलांतलं टॅनिन उतरतं आणि बिअर चहा जास्त उकळल्यासारखी तुरट होते. हा तुरटपणा पुष्कळदा हॉप्सच्या नावावर खपवला जातो. कडवटपणा ही चव असते, तुरटपणाने गाल आत ओढले जातात.

टोपात आता सुमारे २७ लिटर गरम वर्ट असेल. नमुना २० अंशांवर गार करून मोजला तर ग्रॅव्हिटी १.०५१ यायला हवी. गरम वर्टात हायड्रोमीटर (ग्रॅव्हिटी मोजायची तरंगणारी नळी) बुडवून आलेला आकडा निरर्थक असतो. १.०४५ च आली तर ४०० ग्रॅम हलक्या रंगाची माल्ट एक्स्ट्रॅक्टची पावडर टोपात घाला, सहा पॉइंट (०.००६) भरून निघतात. शुद्धतावादी नाक मुरडतील, मुरडू दे. आणि पुढच्या वेळी भरड थोडी बारीक करा, कारण ग्रॅव्हिटी कमी येण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण तेच असतं.

उकळी फुटण्याआधीची पाच मिनिटं टोपासमोरून हलू नका. प्रथिनांची मळी वर येते आणि वर्ट दुधासारखं उतू जातं. आच कमी करा, झारीने ढवळा, पाण्याचा फवारा मारा. पहिले हॉप्स पडले की पुन्हा एकदा उसळी येते. झाकण ठेवायचं नाही. माल्टमधून तयार होणारं डायमिथाइल सल्फाइड वाफेबरोबर जायला हवं, झाकण ठेवलं तर ते थेंब होऊन परत टोपात पडतं आणि उकडलेल्या कोबीचा वास राहतो. तासात साधारण ४ लिटर आटतील, पण हा आकडा टोपाच्या तोंडावर आणि आचेवर ठरतो. एकदा नुसतं पाणी तासभर उकळून आपला आकडा काढून ठेवा.

हॉप्सचे हप्ते असे. उकळी आल्यावर ६० मिनिटांसाठी मॅग्नम जातीचे हॉप्स, १३ टक्के अल्फा (कडवटपणा देणारी आम्लं), २५ ग्रॅम. शेवटची १० मिनिटं उरली असताना सेंटेनियल, १० टक्के अल्फा, २५ ग्रॅम. कडवटपणाचा हिशेब: ग्रॅम गुणिले अल्फाचे टक्के गुणिले १० गुणिले उतारा (अल्फापैकी बिअरमध्ये उतरणारा वाटा), भागिले लिटर. या ग्रॅव्हिटीला ६० मिनिटांचा उतारा ०.२२ धरा, १० मिनिटांचा ०.०८. वर्ट २२ लिटर धरलं तर पहिल्यातून ३२-३३ आयबीयू, दुसऱ्यातून ९. अल्फाचे टक्के पुडीवर छापलेले असतात आणि दर हंगामात बदलतात, म्हणून कृतीतले ग्रॅम जसेच्या तसे उचलू नका. पुडी उघडल्यावर जुन्या चीजसारखा वास आला तर ते हॉप्स टाकून द्या. उरलेले हॉप्स हवा काढून, पिशवी बंद करून फ्रीझरमध्ये ठेवा.

उकळी संपायच्या १५ मिनिटं आधी आयरिश मॉस (एक समुद्री शेवाळ) घाला, गाळ बसायला मदत होते. गार करायची तांब्याची वेटोळी नळी त्याच वेळी टोपात सोडा, म्हणजे ती उकळत्या वर्टात आपोआप निर्जंतुक होते.

आच बंद केल्यावर लगेच हॉप्स ओतायचा मोह होतो, पण थोडं थांबा. नळीतून पाणी सोडून वर्ट ८० अंशांवर आणा, पाणी बंद करा, मग ३० ग्रॅम सेंटेनियल आणि ४० ग्रॅम सिट्रा घालून, ढवळून भोवरा करा आणि २० मिनिटं राहू द्या. या तापमानाला अल्फा आम्लांचं कडवटपणात रूपांतर बरंच मंदावतं, आणि वासाची तेलं वाफेबरोबर उडून जात नाहीत. यातून ८ ते १० आयबीयू येतील. मग जितक्या लवकर जमेल तितकं २० अंशांपर्यंत गार करा. नळाचं पाणी कोमट असेल तर ते ३५-४० अंशांपर्यंतच पोचवेल. पुढचा टप्पा बादलीत बर्फाचं पाणी घेऊन छोट्या पंपाने नळीतून फिरवत गाठायचा. सुरुवातीलाच बर्फ संपवून टाकू नका, उकळत्या वर्टाला साधं पाणीही पुरतं.

इथून पुढे वर्टाला लागणारी प्रत्येक वस्तू आधी साबणाने स्वच्छ आणि मग निर्जंतुक हवी. मळकट भांडं निर्जंतुक होत नाही. फॉस्फरिक आम्लाचं, न धुता चालणारं द्रावण लिटरमागे दीड मिलिलिटर या प्रमाणात पुरतं. त्याचा फेस राहिला तरी बिघडत नाही.

टोपातलं २२ लिटर वर्ट गाळापर्यंत न जाता २० लिटर फर्मेंटरमध्ये उतरवा. उंचावरून धार सोडा, फेस येऊ द्या. बिअरच्या आयुष्यात हवा चालते ती या एकाच वेळी. यीस्टसाठी यूएस-०५ ची ११.५ ग्रॅमची एक पुडी १.०६० पर्यंत पुरते. १.०६५ च्या वर गेलात तर दोन घाला. वर्ट आणि यीस्ट दोन्ही १८ अंशांच्या जवळ असू द्या.

पहिले तीन-चार दिवस बिअर १८ ते १९ अंशांवर धरून ठेवणं महत्त्वाचं, कारण आंबताना ती स्वतः गरम होते. खोली २० वर असली तरी फर्मेंटरच्या आत २४ असू शकतात. त्या उष्णतेत यीस्ट जड अल्कोहोलं बनवतं आणि बिअर नेलपॉलिश रिमूव्हरसारखी झोंबते. फर्मेंटर पाण्याच्या टबात ठेवून बर्फाच्या बाटल्या बदलत राहणं हा गबाळा दिसणारा पण चोख उपाय आहे. जोर ओसरला की मात्र २१ पर्यंत चढू द्या, म्हणजे यीस्ट लोण्याचा वास देणारं आपलंच डायअसेटिल परत खाऊन टाकतं.

ग्रॅव्हिटी १.०१६ च्या आसपास आली, म्हणजे साधारण पाचव्या-सहाव्या दिवशी, ५० ग्रॅम सिट्रा आणि ५० ग्रॅम सिमको थेट फर्मेंटरमध्ये घाला. झाकण उघडून, ओतून, लगेच बंद. यीस्ट अजून थोडं जागं असतं, त्यामुळे झाकण उघडताना आत गेलेला ऑक्सिजन ते वापरून टाकतं. आंबणं पूर्ण थांबल्यावर हॉप्स घातले तर ही सोय उरत नाही. दुसऱ्या फर्मेंटरमध्ये बिअर ओतण्याची जुनी पद्धत आयपीएसाठी तर सोडूनच द्या. त्या एका ओतण्यात जेवढी हवा मिसळते ती आणखी शंभर ग्रॅम हॉप्सनेही भरून निघत नाही.

तीन-चार दिवस पुरेत, त्याहून जास्त ठेवलं तर कापलेल्या गवतासारखी चव उतरू लागते. एक गोष्ट मात्र अनेकांना माहीत नसते. हॉप्समध्येही थोडी एन्झाइम असतात आणि ती उरलेल्या लांब साखळ्या तोडून यीस्टला नवी साखर देतात. त्यामुळे १.०१३ वर थांबलेली बिअर पुन्हा १.०११ कडे सरकते आणि डायअसेटिलही पुन्हा वर येतं. घाईने बाटल्या भरल्या तर त्या फुटू शकतात. म्हणून हॉप्स घातल्यावर तीन दिवस लागोपाठ एकच आकडा आला तरच पुढे जायचं. आकडा हायड्रोमीटरनेच घ्या, कारण रिफ्रॅक्टोमीटर (थेंबातून जाणाऱ्या प्रकाशावरून साखर मोजणारं साधन) अल्कोहोलमुळे फसतो. डायअसेटिल तपासायला थोडी बिअर झाकलेल्या पेल्यात घेऊन २० मिनिटं ६० अंशांच्या पाण्यात ठेवा, मग गार करून हुंगा. लोण्याचा वास आला तर बिअर आणखी दोन दिवस २१ वर राहू द्या.

ग्रॅव्हिटी १.०२० वरच अडली तर आधी तापमान उतरलंय का पाहा, २१ वर आणा आणि फर्मेंटर हलकेच फिरवून तळाचं यीस्ट उठवा. दोन दिवसांत हललं नाही तर बहुधा मॅश गरम झाला होता, आणि त्याला आता इलाज नाही.

मग दोन दिवस ३-४ अंशांवर ठेवा, हॉप्स आणि यीस्ट तळाशी बसतात. थंड होताना आतली हवा आकसते आणि एअरलॉकमधून (आतला वायू बाहेर सोडणाऱ्या, पाणी भरलेल्या बुचातून) बाहेरची हवा, कधी आतलं पाणीसुद्धा, ओढलं जातं. एअरलॉक काढून तोंड घट्ट बंद करा, किंवा आंबताना निघणारा कार्बन डायऑक्साइड फुग्यात भरून तो तोंडाला लावा. दिसायला पोरखेळ वाटतो, पण उपयोगी आहे.

बाटल्यांत फेसासाठी वायू तयार व्हावा म्हणून लिटरमागे ६ ग्रॅम साधी साखर धरा, म्हणजे १९ लिटरला सुमारे ११४ ग्रॅम. डेक्स्ट्रोज असेल तर १० ते १५ टक्के जास्त. साखरेचा पाक मिसळायला वेगळी बादली वापरली की बिअर एकदा जास्त ओतावी लागते. म्हणून आयपीएसाठी मी प्रत्येक बाटलीत साखर वेगळी घालण्याच्या बाजूचा आहे: ३३० मिलिलिटरच्या बाटलीला २ ग्रॅम, ६५० ला ३.९ ग्रॅम. कंटाळवाणं काम आहे, खरं. भरायची नळी बाटलीच्या तळाला टेकलेली असू द्या, बिअर खालून वर चढली पाहिजे, शिंपडता कामा नये. दोन सेंटिमीटरपेक्षा जास्त जागा वर ठेवू नका आणि फेस तोंडाशी आला की त्याच्यावरच झाकण दाबा. बाटल्या तपकिरीच घ्या. हिरव्या किंवा पांढऱ्या काचेतून आलेला प्रकाश हॉप्सच्या कडू संयुगांना तोडतो आणि काही मिनिटांच्या उन्हातही बिअरला स्कंक या प्राण्यासारखी दुर्गंधी येते.

२०-२२ अंशांवर दोन आठवडे अंधारात, मग फ्रिजमध्ये. हवा शिरली असेल तर इथे कळतं. सोनेरी रंग आधी मळकट तपकिरी होतो, मग सिट्राचा वास जातो, मग मधाचा आणि ओल्या पुठ्ठ्याचा येतो. पहिली बाटली दोन आठवड्यांनी आणि दुसरी सहा आठवड्यांनी उघडून दोन्हींचा रंग लिहून ठेवा. चांगली भरलेली आयपीएसुद्धा दोन महिन्यांच्या आत प्यावी. ओतताना बाटली एकदाच तिरकी करा, मध्ये सरळ करू नका, आणि तळचा सेंटिमीटरभर गाळ बाटलीतच राहू द्या.